मोकळा चॅनेल घेतला आणि नेट आणखीच रखडलं! हवेची वाटणी नेमकी कोण करतं?

रिकामटेकडा_७
परवा घरून एक ऑनलाइन मुलाखत घेत होतो. समोरचा उमेदवार वाक्याच्या मध्येच गोठायचा, तोंड अर्धवट उघडं. मग एकदम तीन वाक्यं अंगावर यायची. घरात दुसरं कुणी नेट वापरत नव्हतं आणि बाहेरून येणारी लाइनही व्यवस्थित होती, केबल लावून तपासली.

म्हणून मोबाइलवर एक स्कॅनर टाकला. तब्बल ३४ वायफाय नेटवर्क दिसली! २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये १, ६ आणि ११ नंबरच्या चॅनेलवर नुसती झुंबड आणि ३ वर चिटपाखरू नाही. मनात म्हटलं, काय मठ्ठ लोक आहेत, रिकामी जागा सोडून गर्दीत बसलेत. ऐटीत राउटर ३ वर नेला. आधी उमेदवार गोठत तरी होता, आता कॉलच लागेना.

तर जाणकारांना दोन प्रश्न. रिकाम्या चॅनेलवर गेल्यावर हाल वाढले कसे? आणि एवढी उपकरणं हवा वाटून घेतात ती कुणाच्या भरवशावर? माझं मत विचाराल तर हा सगळा रामभरोसे कारभार आहे. मोबाइल कंपन्यांसारखं इथंही कुणीतरी वर बसून वाटप करायला हवं.

सहजच
उमेदवाराचं काय झालं ते सांगा आधी.

रिकामटेकडा_७
निवडला. गोठलेल्या अवस्थेतही चेहऱ्यावर संयम होता.

लहरी_माणूस
३ नंबर रिकामा नव्हता हो. तुम्ही दोन खुर्च्यांच्या मध्ये जाऊन बसलात.

चॅनेलचे नंबर ५-५ मेगाहर्ट्‌झच्या अंतरावर आहेत, पण वायफायचा सिग्नल साधारण २० मेगाहर्ट्‌झ रुंद असतो. म्हणजे ३ वर बसलेल्याचा एक पाय १ वाल्यांच्या अंगणात आणि दुसरा ६ वाल्यांच्या. एकमेकांच्या अंगावर न येता तिघंच मावतात : १, ६, ११. ती झुंबड मठ्ठपणाची नाही, शहाणपणाची आहे.

आता खरी गंमत. बोलण्याआधी प्रत्येक वायफाय उपकरण कान देऊन ऐकतं. आपल्याच चॅनेलवर दुसऱ्या वायफायच्या फ्रेमची (एका दमात पाठवलेल्या माहितीच्या गठ्ठ्याची) सुरुवात ऐकू आली, अगदी उणे ८२ डीबीएम इतकी क्षीण (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप), तरी ते गप्प बसतं. फ्रेमच्या सुरुवातीला किती वेळ लागणार हेही लिहिलेलं असतं, तेवढा वेळ ते थांबतं. पण बाजूच्या चॅनेलवरची फ्रेम त्याला फ्रेम म्हणून कळतच नाही, नुसती खरखर वाटते. आणि खरखरीसाठी थांबायची मर्यादा आहे उणे ६२. मधलं अंतर २० डीबी, म्हणजे १०० पट ताकद. या दोन आकड्यांच्या मधले सगळे शेजारी तुमच्या राउटरला 'कुणीच नाही' असे भासतात. तो बोलतो, तेही बोलतात, दोघांचीही फ्रेम वाया. तुम्ही १ आणि ६ अशा दोन्ही वस्त्यांची झोप उडवलीत.

शंकासुर
लहरीराव, इथं पटत नाही. ६ वर आधीच ११ जण आहेत असं धरू. मी बारावा. म्हणजे मला एक बारांश हवा मिळणार. ३ वर खरखरीत का होईना, पण रांग तरी नाही!

लहरी_माणूस
एक बारांश तेव्हाच, जेव्हा बाराही जण सतत बोलत असतील. रात्रभर चालू असलेला राउटर बहुतेक वेळ गप्पच असतो. स्कॅनर तुम्हाला कोण किती मोठ्यानं बोलतं ते दाखवतो, किती वेळ बोलतं ते दाखवत नाही, आणि आपल्याला हवा असतो तो दुसरा आकडा. काही राउटरच्या पानावर 'चॅनेल युटिलायझेशन' म्हणून, म्हणजे चॅनेल किती वेळ व्यापलेला असतो त्याची, टक्केवारी मिळते, ती बघा. दहा गप्प शेजारी परवडले, पण दिवसभर कॅमेऱ्याचं चित्रण पाठवणारा एक नको.

आणि रांगेचं म्हणाल, तर ती फार स्वस्त रांग आहे. हवा मोकळी झाली की ३४ मायक्रोसेकंद थांबायचं (५ गिगाहर्ट्‌झमधला आकडा), मग ० ते १५ मधला एक आकडा मनात धरायचा आणि ९-९ मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांनी उलटा मोजायचा. ज्याचा आधी शून्य तो बोलणार, बाकीच्यांनी मोजणी तिथंच रोखून धरायची. दोघांनी एकच आकडा धरला तर टक्कर. मग ० ते ३१, पुन्हा टक्कर झाली तर ६३, असं करत १०२३ पर्यंत. वर कुणी बसलेलं नाही, पण याला रामभरोसे म्हणू नका. नियम सगळ्यांना तोंडपाठ आहेत.

गौरी
रोचक. पण टक्कर झाली हे त्याला कळतं कसं? बोलताना ऐकता येत नाही ना?

लहरी_माणूस
नेमका प्रश्न. स्वतःचं बोलणं स्वतःच्या कानाशी इतकं प्रचंड असतं की दुसऱ्याचं ऐकूच येत नाही. तारेवरच्या जुन्या इथरनेटला बोलता बोलता टक्कर कळायची, वायफायला नाही. म्हणून प्रत्येक फ्रेमनंतर समोरच्यानं 'पोचली' असं सांगायचं. पोच आली नाही, की टक्कर झाली असं समजायचं. प्रत्यक्षात ती टक्कर असेल, भिंत असेल नाहीतर मायक्रोवेव्ह ओव्हन असेल. कारण कळत नाही, शिक्षा मात्र तीच : आणखी थांबा. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार या पद्धतीत जागोजागी आहे.

जुनाजाणता
मी जहाजावर रेडिओ ऑफिसर होतो. तुमची चर्चा वाचून मौज वाटली, कारण हे सगळं आम्ही हातानं करत होतो.

आमचा सामाईक चॅनेल ५०० किलोहर्ट्‌झ. एकमेकांना हाक मारायची तीही तिथंच आणि संकटाचा संदेशही तिथंच. हाक लागली की तिथं रेंगाळायचं नाही, दोघांनी ठरवून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जायचं आणि कामाचं बोलायचं. किनाऱ्यावरच्या स्टेशनकडे गर्दी असली तर तो ऑपरेटर 'क्यूआरवाय' आणि एक आकडा पाठवायचा, म्हणजे तुमचा नंबर अमुक. रिकामटेकडे, तुम्ही मागताय ते वाटप हेच.

रेडिओ रूममधल्या घड्याळाच्या तबकडीवर दोन लाल पाचरी रंगवलेल्या असत, १५ ते १८ मिनिटं आणि ४५ ते ४८ मिनिटं. काटा लालात आला की ५०० वर सगळ्यांनी गप्प बसायचं आणि फक्त ऐकायचं. एखादी दुबळी बॅटरी असलेली होडी मदत मागत असेल तर तिचा आवाज त्या तीन मिनिटांत तरी कानावर पडावा, म्हणून. मी पहिल्यांदा ड्यूटीवर बसलो तेव्हा लाल पाचर आली आणि हेडफोनमधली ती अखंड चिवचिव कुणी नळ बंद करावा तशी थांबली. अंगावर काटा आला होता.

हे नियम फुकटात आले नाहीत. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री 'कॅलिफोर्नियन' जहाजाचा ऑपरेटर 'टायटॅनिक'ला सांगू पाहत होता की आम्ही बर्फात अडकून थांबलोय. जहाज इतकं जवळ होतं की त्याचा सिग्नल टायटॅनिकच्या ऑपरेटरच्या कानात धाडकन वाजला. तो बिचारा किनाऱ्यावरच्या केप रेस स्टेशनला प्रवाशांच्या तारा पाठवत होता, त्यानं याला गप्प केलं. कॅलिफोर्नियनचा ऑपरेटर थोडा वेळ थांबून झोपायला गेला. दहाएक मिनिटांत टायटॅनिक हिमनगावर आदळलं. त्याच वर्षी अमेरिकेनं परवान्याचा कायदा केला आणि हौशी रेडिओ मंडळींना २०० मीटरच्या खालच्या तरंगलांबीत ढकललं.

मृण्मयी_क
काका, दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

सहजच
लाल पाचर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला लावता येईल का?

शंकासुर
सुरेख प्रतिसाद, काका. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. तुमच्याकडे प्रत्येक जहाजावर प्रशिक्षित माणूस होता. इथं वीस-वीस बल्ब आणि पंखे वायफायवर बोलतायत. त्यांना कुठली आलीय शिस्त?

गौरी
बल्बवरून आठवलं. आमच्याकडे एक जुना प्रिंटर आहे, दोन खोल्या पलीकडे. तो चालू केला की सगळ्यांचंच नेट मंदावतं. छापत नसला तरी! घरच्यांना वाटतं मी उगाच संशय घेते.

लहरी_माणूस
गौरी, संशय खरा असू शकतो. हिशेब करून दाखवतो.

वायफायची न्यायाची कल्पना अशी आहे की प्रत्येकाला बोलायची सारखीच संधी. संधी सारखी, वेळ नाही! १५०० बाइटची एक फ्रेम सेकंदाला ५४ मेगाबिट वेगानं पाठवायला ०.२२ मिलिसेकंद लागतात. तीच १ मेगाबिटनं पाठवली तर १२ मिलिसेकंद. आता एक तुमचा लॅपटॉप आणि एक लांबचा, कसाबसा १ मेगाबिटवर टिकलेला डबा, दोघं आळीपाळीनं बोलतायत. एका फेरीला साधारण १२.२ मिलिसेकंद. त्यात लॅपटॉपची एक फ्रेम गेली. म्हणजे ५४ चा लॅपटॉप प्रत्यक्षात १ मेगाबिटच्याही खाली आला. डब्याला त्यातून काही जास्त मिळालं का? नाही. नुसतं सगळ्यांना आपल्या चालीनं चालायला लावलं.

हे २००३ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या संशोधकांनी मांडलं होतं. उपाय असा की संधी मोजण्याऐवजी हवेतला वेळ मोजायचा, ज्यानं आधीच खूप वेळ खाल्ला त्याच्या फ्रेम राउटरनं मागे ठेवायच्या. लिनक्सच्या वायफायमध्ये हे आलं आहे, काही राउटरमध्ये 'एअरटाइम फेअरनेस' नावाचं बटण असतं. अडचण एवढीच की राउटर आपल्याकडून जाणाऱ्या फ्रेमना आवरू शकतो, समोरून येणाऱ्यांना नाही. प्रिंटर छापत नसताना फार बोलत नाही, पण 'मी इथं आहे' अशी दवंडी तो सगळ्यांना उद्देशून पिटत असेल, आणि सगळ्यांसाठीची फ्रेम सहसा सर्वांत संथ वेगानं जाते. प्रिंटरला केबल लावून बघा.

गौरी
केबल लावली. तीन तास झाले, सगळं सुरळीत. मी आज घरात ताठ मानेनं फिरतेय.

तिसरा_डोळा
मी रिकामटेकडा यांच्या बाजूनं. 'आधी ऐका, मग बोला' हे चार जणांत ठीक, चाळीस जणांत नाही. मोबाइलच्या जाळ्यात टॉवर प्रत्येक फोनला सांगतो, या क्षणी, या तुकड्यावर तू. म्हणून तिथं शेकडो फोन एका टॉवरवर चालतात. वायफायनंही शेवटी तेच स्वीकारलं ना! वायफाय ६ मध्ये २० मेगाहर्ट्‌झच्या एका चॅनेलचे नऊ बारीक तुकडे पाडता येतात आणि राउटर एका इशाऱ्यावर नऊ जणांना एकाच वेळी बोलायला लावतो. एकाची फ्रेम छोटी म्हणून पूर्ण रस्ता अडवायची गरजच नाही.

आणि परवाना की मोकळीक, एवढे दोनच पर्याय नाहीत. अमेरिकेत ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वर नौदलाची रडारं, मग पैसे मोजून हक्क घेतलेले, मग बाकी सगळे. किनाऱ्यावरचे सेन्सर रडारची चाहूल घेतात आणि एक संगणकी व्यवस्था खालच्यांना बाजूला करते. रडार नसेल तेव्हा तीच हवा लोकांच्या कामी येते. पूर्वी ती नुसती राखून ठेवलेली असायची.

शंकासुर
असहमत. टॉवर सांगतो ते ऐकलं जातं, कारण त्या पट्ट्यात तो एकटाच मालक आहे. माझ्या राउटरनं माझ्या नऊ उपकरणांना शिस्त लावली तरी शेजारचा राउटर त्याच चॅनेलवर त्याच्या नऊ जणांना उभं करणार. दोन बँडमास्तर, एक रस्ता, वेगवेगळी गाणी. आणि नऊ तुकड्यांचा इशारा फक्त नव्या उपकरणांना कळतो. गौरीताईंचा प्रिंटर त्याला भीक घालणार नाही.

लहरी_माणूस
शंकासुर बरोबर बोलतायत, हे लिहिताना हात थरथरतोय. वायफाय ६ मध्येही राउटरला तो इशारा देण्याआधी ० ते अमुक आकडा मोजूनच हवा मिळवावी लागते. म्हणजे मुकादमही रांगेतच.

बिनतारी
सगळे शिस्तीबद्दल बोलतायत म्हणून मी बेशिस्तीची वकिली करतो. शेतातल्या ओलाव्याचे, पाण्याच्या टाकीच्या पातळीचे सेन्सर लावणं हे माझं काम. ते लोरावर (कमी बॅटरीत लांब पोचणारी संथ बिनतारी पद्धत) चालतात आणि त्यातले बहुतेक अजिबात ऐकत नाहीत. मनात आलं की बोलतात आणि झोपतात.

का, तर ऐकायला बॅटरी लागते. वर अँटेना जमिनीलगत, त्यामुळे ऐकूनही दोन किलोमीटरवरचा दुसरा सेन्सर ऐकू येणारच नाही. मग कशाला तो सोपस्कार? ही कल्पना १९७१ मध्ये सुरू झालेल्या, हवाई विद्यापीठातल्या नॉर्मन अब्रॅमसन यांच्या अलोहा जाळ्याची. बेटांवरची टर्मिनलं एकाच रेडिओ चॅनेलवर मनाला येईल तेव्हा बोलायची, पोच आली नाही तर थोडं थांबून पुन्हा. गणित असं की यात फार तर १८.४ टक्के हवा सत्कारणी लागते. सगळ्यांनी घड्याळ जुळवून ठरावीक ठोक्यालाच सुरुवात केली तर दुप्पट, ३६.८ टक्के. ऐकायला दरिद्री वाटतं. पण माझा सेन्सर तासातून एकदा दहा-बारा बाइट बोलतो! युरोपात तर ८६८ मेगाहर्ट्‌झच्या बऱ्याच भागात नियमच आहे, तासातला १ टक्का वेळ म्हणजे ३६ सेकंदच बोलायचं. कमी बोलणाऱ्यांच्या सभेला अध्यक्ष लागत नाही.

खोड एकच. सिग्नल क्षीण झाला की सेन्सर संथ सेटिंगला जातो आणि तिथं एक छोटा संदेश सेकंदाहून जास्त वेळ हवेत राहतो. सुरुवातीला मी 'लांब पोचलं पाहिजे' म्हणून सगळे सेन्सर सर्वांत संथ सेटिंगला लावले होते. तीसपैकी आठ-नऊ टाक्या रोज बेपत्ता. जवळच्यांना वेगवान सेटिंगला आणलं, एक गेटवे (सेन्सरचे संदेश गोळा करणारा डबा) उंचावर चढवला, टाक्या परत आल्या.

जुनाजाणता
"कमी बोलणाऱ्यांच्या सभेला अध्यक्ष लागत नाही". हे आमच्या कॅप्टनला आवडलं असतं.

नवखा_गेमर
कबुली देऊ का? माझ्या राउटरमध्ये रूट ॲक्सेस (आतली सेटिंग बदलायचा पूर्ण ताबा) मिळवून मी तो ० ते १५ वाला आकडा ० ते ३ केलाय. माझा पिंग (गेमच्या सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) मस्त आहे. शेजारच्यांचं माहीत नाही.

शंकासुर
घ्या! हीच ती तोंडपाठ नियमांची शिस्त.

लहरी_माणूस
नवखे, तुम्ही नवीन काही केलं नाहीत. २००५ पासून वायफायच्या मानकातच चार रांगा आहेत : बोलणं, व्हिडिओ, साधं आणि मागचं. बोलण्याच्या रांगेची सुरुवात ० ते ३ नेच होते, म्हणजे आवाजाची फ्रेम आधी निघते. पण ही सवलत टिकते ती तातडीचं सामान थोडं असतं म्हणून. दोघांनी ० ते १५ मधून आकडा धरला तर जुळण्याची शक्यता सोळात एक. ० ते ३ मधून धरला तर चारात एक. शेजाऱ्यानं उद्या हाच 'जुगाड' केला की तुमच्या दर चौथ्या प्रयत्नाला टक्कर. सगळ्यांनीच रुग्णवाहिकेचा भोंगा लावला तर चौक मोकळा होत नाही.

नवखा_गेमर
उद्या पूर्ववत करतो. आज रात्री स्पर्धा आहे.

मृण्मयी_क
मी कार्यक्रमांसाठी तात्पुरतं वायफाय उभारते, माझा अनुभव सांगते. एका मोठ्या सभागृहात १४ ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारे डबे) होते. आधीच्या माणसानं सगळ्यांची पॉवर कमाल ठेवलेली, कारण 'रेंज चांगली येते'. रेंज खरंच छान होती, सगळीकडे पाच काड्या. आणि नेट शून्य.

१४ जण एकमेकांना ऐकत होते, म्हणून एक बोलला की उरलेले तेरा गप्प. सभागृहभर मिळून एकच माणूस बोलतोय असा प्रकार. मी पॉवर खूप खाली आणली, सर्वांत संथ वेग बंद केले, आणि अँटेना छताऐवजी खुर्च्यांच्या खाली. माणसांची शरीरं सिग्नल शोषतात, त्यामुळे चार रांगा पलीकडच्याला ऐकूच येत नाही. गर्दी आमच्या बाजूनं! रेंजच्या काड्या कमी झाल्या म्हणून आयोजक रागावले, मग कुणीतरी त्यांना व्हिडिओ लावून दाखवला.

उलटा त्रासही पाहिलाय. लांबोळक्या गोदामात मध्यभागी एक ॲक्सेस पॉइंट, दोन टोकांना मालाचे कोड वाचणारे दोन स्कॅनर. दोघांना तो ऐकू येतो, पण एकमेक ऐकू येत नाहीत. दोघंही 'हवा मोकळी' म्हणून एकाच वेळी सुरू. यावर टोबागी आणि क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. तोडगा असा की आधी एक छोटी फ्रेम पाठवून विचारायचं 'बोलू का', ॲक्सेस पॉइंटनं 'बोल' म्हणायचं, आणि ते 'बोल' दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं की तो गप्प बसतो. चालू केल्यावर फरक लगेच दिसला. पण प्रत्येक ठिकाणी चालू करू नका, छोट्या फ्रेमना ते विचारणंच महागात पडतं.

सहजच
पाच काड्या आणि नेट शून्य. बडा घर पोकळ वासा.

गौरी
अवांतर : ब्लूटूथपण २.४ मध्येच ना? मग ते कसं तग धरतं? आणि ती हेडी लमार या अभिनेत्रीनं वायफायचा शोध लावला म्हणतात ते खरं का?

लहरी_माणूस
वायफायचा नाही. तिनं आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यानं १९४२ मध्ये पेटंट मिळवलं ते टॉर्पीडोला दिशा देणारा रेडिओ शत्रूला गोंधळवता येऊ नये म्हणून ८८ फ्रिक्वेन्सींवर उड्या मारण्याचं. ८८ म्हणजे पियानोच्या पट्ट्या. उड्यांची कल्पना त्याआधीही होती, पण ही जोडी तिचं श्रेय घ्यायला अपात्र ठरत नाही. नातं जुळतं ते ब्लूटूथशी. ते १-१ मेगाहर्ट्‌झच्या ७९ चॅनेलवर सेकंदाला १६०० उड्या मारतं. २००३ च्या आवृत्तीपासून जिथं वायफाय बसलंय ते चॅनेल यादीतून वगळतं. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथची दवंडी पिटायची तीन ठिकाणं तर मुद्दाम १, ६, ११ चुकवून निवडली आहेत : २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्‌झ. माझ्या मते या अख्ख्या पट्ट्यात शेजारधर्म सर्वांत जास्त त्यालाच कळतो.

तुमचा बिनतारी माउस अडखळत असेल तर मात्र वायफायला दोष देण्याआधी त्याचा डोंगल बघा. यूएसबी ३ च्या पोर्टशेजारी असेल तर हलवा. त्या पोर्टचा गोंगाट २.४ मध्ये सांडतो, इंटेलनं २०१२ मध्ये त्यावर स्वतंत्र टिपण काढलं होतं.

गौरी
हलवला. लहरीराव, तुम्ही आमच्या घरी राहता का?

तिसरा_डोळा
मूळ मुद्द्यावर येऊ या का? माझा दावा कायम आहे. उद्या उपकरणं आपापसात बोलून वाटणी ठरवतील. अमेरिकेच्या 'डार्पा' या संरक्षण-संशोधन संस्थेनं यावर स्पर्धा घेतली होती, २०१९ मध्ये अंतिम फेरी झाली. वेगवेगळ्या संघांच्या रेडिओंना एकच पट्टा दिला आणि गुण असे ठेवले की दुसऱ्याला उपाशी ठेवून जिंकता येऊ नये. फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ २० लाख डॉलर घेऊन गेला.

शंकासुर
म्हणजे गुण देणारा वर बसलेला होताच की! तो काढून घ्या आणि मग दाखवा.

तिसरा_डोळा
:) इथं पास.

रिकामटेकडा_७
धागाकर्ता हजर. चार दिवस प्रयोग केले, त्याचा वृत्तान्त.

३ सोडून ६ वर आलो. कॉल लागायला लागले, पण चॅनेल युटिलायझेशन ७० च्या वर. मग लहरीरावांनी व्यनितून (खासगी संदेशातून) एक हिशेब करायला लावला, तो इथं देतो कारण मी थक्क झालो. प्रत्येक नेटवर्क दर १०२.४ मिलिसेकंदांनी आपल्या नावाची ललकारी देतं, कुणी वापरो न वापरो. २५० बाइटची ललकारी १ मेगाबिटनं दिली तर सुमारे २.२ मिलिसेकंद. माझ्या चॅनेलवर मला ११ जण ऐकू येत होते. म्हणजे २४ मिलिसेकंद, जवळपास पाव हवा, नुसत्या नावांच्या घोषणेत! एक अक्षरही कामाचं नाही.

लाजिरवाणी गोष्ट पुढं आहे. त्या अकरांपैकी चार माझीच होती. घरचं, पाहुण्यांचं, राउटरबरोबर आपोआप आलेलं एक, आणि मागच्या खोलीतल्या रिपीटरचं. रिपीटर तर ऐकलेलं प्रत्येक वाक्य त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, म्हणजे दुप्पट हवा. तीन नावं बंद केली, रिपीटरऐवजी केबल टाकली, सर्वांत कमी वेग १ वरून ६ मेगाबिटवर नेला. माझी ललकारी आता साधारण ०.३५ मिलिसेकंदांत संपते. एक जुना प्लग त्यामुळे जोडेना, त्याला निरोप दिला. युटिलायझेशन ४५ च्या आसपास.

३४ जणांना मठ्ठ म्हटल्याबद्दल जाहीर माफी. वाटप करणारा हवा हे मत मात्र अर्धंच सोडतोय.

मृण्मयी_क
लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झवर नेलात का? तिथं जागा जास्त आणि भिंतींमुळे शेजारी कमी ऐकू येतात.

रिकामटेकडा_७
नेला, आणि तिथंच नवं दुखणं सुरू झालं. छान चाललेलं असतं आणि संध्याकाळी कधीतरी ५ चं नेटवर्क अख्खंच नाहीसं होतं. मिनिटभरानं परत येतं, पण वेगळ्याच चॅनेलवर. १०० वर ठेवलं होतं, कारण स्कॅनरमध्ये तिथं कुणीच नव्हतं.

लहरी_माणूस
पुन्हा रिकामी खुर्ची बघून बसलात! ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. राउटरनं तिथं बसण्याआधी निदान ६० सेकंद नुसतं ऐकायचं. रडारसारखा काही ठोका ऐकू आला तर १० सेकंदांत चॅनेल सोडायचा आणि अर्धा तास तिकडं फिरकायचं नाही. तुमच्या राउटरला खरं रडार ऐकू येतंय की भास होतोय, ते बाहेरून सांगणं कठीण. भासही पुष्कळ होतात.

जुनाजाणता
लाल पाचर आली बघा.

रिकामटेकडा_७
मग ३६ वर जातो. तिथं रडार नाही ना?

लहरी_माणूस
रडार नाही. पण तुमच्या इमारतीत रडारला कंटाळलेले जेवढे आहेत, ते सगळे तिथंच भेटतील.